एकदाच फोडायची चिठ्ठी

बाजरी निघून गेली होती आणि वडगाव रासाईच्या शिवारात सरमाडाच्या पेंढ्या रचलेल्या बुचाडी जागोजाग उभ्या होत्या. त्यातली एक उपसताना भिमाला घोट्याजवळ घोणस चावली. रान मारुतरावांचं, भिमा ते वाट्यानं करायचा. त्याची बायको गिताबाई बांधावर भाकरीचं फडकं सोडत होती. तिनं आधी नवऱ्याची आरोळी ऐकली आणि मग पेंढ्यांखाली सरकत जाणारे तपकिरी ठिपके पाहिले.

भिमाचा बाप म्हाळू हा उभा जन्म मेंढरांमागं हिंडलेला धनगर. आता दोन एकरांत स्थिरावला होता, पण अडीनडीला त्याचे पाय अजून बिरोबाच्या देवळाकडंच वळत. पोराला आधी देवाच्या पायरीवर घालू, असं तो म्हणायला लागला. मारुतराव तोवर जीप घेऊन बांधाला आले होते. ते म्हणाले, "म्हाळू, बिरोबा शिरूरलाबी हाय. बस गाडीत." म्हाळू चढून बसला. मारुतरावांचा मुलगा विश्वजीत यानं गाडी अशी हाणली की वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत गिताबाईला नवऱ्यापेक्षा स्वतःच्याच जिवाची काळजी लागून राहिली.

शिरूरचा दवाखाना मारुतरावांच्या लेकीचा. सुलक्षणा पुण्यात शिकली, मोठी डॉक्टर झाली आणि पुण्यातच राहील असं सगळ्या गावानं धरलेलं असताना शिरूरला परत आली. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या जिथून धूळ उडवत जातात त्या रस्त्याला तिनं चार खोल्यांचा दवाखाना टाकला. आल्या वर्षापासूनच ती हट्टानं साप चावलेल्यांच्या मागं लागली. दोन हंगामांपासून तर तिथं रीतसर संशोधन चाललं होतं. संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरे उंदीर आणि काचेच्या भिंती आठवतात. इथं लोखंडी खाटा होत्या, एक कुरकुरणारा फ्रीज होता, आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही असं उघड सांगणारी एक डॉक्टरीण होती. मला विचाराल तर या तिसऱ्या गोष्टीला फार छाती लागते.

प्रश्न साधा होता. घोणस चावलेल्याला सापाच्या विषावरची लस सुरुवातीला किती द्यायची? कुणी थोडी देई, कुणी भरपूर. भरपूर दिलेली बरी, असंच बहुतेकांना वाटे. पण ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. एखाद्याच्या अंगाला ती मानवत नाही, खाजऱ्या गांधी उठतात, हुडहुडी भरते, रक्तदाब खाली जातो. शिवाय ऐन हंगामात ती तालुक्यात पुरत नाही. थोडीनं भागतं का, हे आपल्याकडच्या माणसांवर कुणी नीट ताडून पाहिलं नव्हतं. सुलक्षणानं पुण्याच्या आपल्या गुरूंना मार्गदर्शक नेमलं, तिथल्या समितीची परवानगी काढली आणि काम सुरू केलं.

भिमाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्याच्या उशाशी उभं राहून तिनं तिघांनाही सगळं सांगितलं. बंद पाकिटांची चळत आहे, वरचं पाकीट फोडायचं, आतल्या चिठ्ठीत लहान डोस लिहिलेला असेल नाहीतर मोठा. जे निघेल त्यानं सुरुवात करायची. कुणाला काय द्यायचं हे तिनं निवडायचं नाही आणि घरच्यांनीही नाही. यात पडायचं नसेल तर नाही म्हणा, उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हेही तिनं दोनदा सांगितलं.

म्हाळूला हे आपलंच वाटलं. "म्हंजी कौलच की," तो म्हणाला.

सुलक्षणा हसली. कौलच म्हणा, पण यात देव काही बोलत नाही, फक्त माझं मन मधे येऊ नये म्हणून ही व्यवस्था, असं तिनं सांगितलं. भिमा रक्ताळलेल्या तोंडानंच म्हणाला, की ताईंचं काम हाय, काढा. पाकीट फुटलं. लहान डोस.

आता बिरोबाला कौल लावायची रीत अशी की मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मागणं मागायचं. उजवी पडली तर होकार. डावी पडली, तर माणूस काही उठून घरी जात नाही. नाक घासायचं, चूकभूल मागायची, नवस वाढवायचा आणि पुन्हा पाकळी लावायची. देवालाही माणसाची अडचण कळते. म्हाळूनं जन्मभर असेच कौल घेतले होते. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि डॉक्टरणीला म्हणाला, "ताई, ह्यो डावा पडला. दुसरी काढा."

"आबा, इथं एकदाच." तिनं त्याचा हात धरला. "चिठ्ठी फक्त सुरुवात सांगती. त्यानं भागलं न्हाई तर पुढची लस द्यायचीच, त्याचा नेम ठरलेला हाय. तुमच्या पोराला मी सोडणार न्हाई."

म्हाळूनं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं, पण गिताबाईच्या मनात काटा शिरला तो शिरलाच. शेजारच्या खाटेवर खुटबावचा एक बागायतदार होता, हातात घड्याळ, उशाला सफरचंदं. त्याला मोठा निघाला होता, असं त्याच्या बायकोनं अभिमानानं सांगितलं. गिताबाईनं रेशनच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत लहान माप कुणाच्या वाट्याला येतं ते पाहिलेलं होतं. पाकीट बंद होतं म्हणे. बंद पाकिटात काय आहे हे घालणाऱ्याला ठाऊक नसतं का, हा तिचा सवाल होता, आणि तो काही वेडगळ नव्हता. पाकिटं पुण्यात भरली होती आणि सुलक्षणालाही आतलं दिसत नव्हतं, हे तिला सांगितलं होतं खरं, पण भ्यालेल्या माणसाच्या कानात सगळं राहत नाही.

औषध लागतं आहे की नाही हे पाहायची डॉक्टरांची रीत मात्र तिला लगेच कळली. कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि न हलवता ठेवून द्यायचं. वेळ झाली की नळी आडवी करायची. रक्त साकळलं असेल तर जागचं हलत नाही, विष चालू असेल तर पाण्यासारखं वाहतं. विरजण लावलेल्या भांड्याला जसं कुणी हात लावू देत नाही, तशी गिताबाई त्या नळीपाशी राखण करत बसली. वेळ झाली, नर्सनं नळी कलती केली आणि रक्त काठापर्यंत घळघळत आलं.

ठरल्याप्रमाणे भिमाला पुढची लस सुरू झाली. पण गिताबाईचा तोल सुटला. घाबरली की ती बोलते, आणि बोलली की समोर कोण आहे ते पाहत नाही. ती उठून थेट सुलक्षणापुढं उभी राहिली.

"ताई, खरं सांगा. आप्पा असते ह्या खाटंवर, तर त्यास्नी दिला असता का लहान?"

आप्पा म्हणजे मारुतराव, तिचे वडील. सुलक्षणाला राग आला नाही. ती क्षणभर विचार करून म्हणाली की चिठ्ठीत निघाला असता तर दिला असता. गिताबाईनं मान फिरवली. असं म्हणायला काय जातं, हे तिच्या पाठमोऱ्या पदरावरूनसुद्धा कळत होतं.

आता मारुतराव तेव्हा कुठं होते? भिमाला खाटेवर घातल्यावर ते विश्वजीतला घेऊन परत वडगावला गेले होते, साप आणायला. आपल्या रानात माणसाला साप चावला याची त्यांना लाज वाटत होती, आणि डॉक्टरला साप दाखवला की इलाज नेमका होतो, अशी गावोगावच्या लोकांसारखी त्यांचीही पक्की समजूत होती. त्यांची लेक चार वर्षं सभांतून घसा फोडून सांगत होती की साप आणू नका, रक्त तपासून मला कळतं, सापामागं गेलेला दुसरा माणूस मात्र माझ्या खाटेवर येतो. त्या सभांना मारुतरावच अध्यक्ष असायचे.

तेव्हा दुपार कलताना जीप पुन्हा दारात आली, ती एका पोत्यात मेलेली घोणस आणि मागच्या सीटवर हात सुजलेले मारुतराव घेऊन. त्याच बुचाडीची पेंढी त्यांनी उचलली होती.

सुलक्षणाचा चेहरा उतरलेला गिताबाईनं पाहिला. तरी तिचे हात थांबले नाहीत. तिनं वडिलांना भिमाच्या पलीकडच्या खाटेवर घेतलं, सुई लावली, नळीत रक्त धरलं. यथावकाश नळी आडवी केली तेव्हा तेही पाण्यासारखं वाहिलं. विश्वजीत एव्हाना भडकला होता. चिठ्ठ्याबिठ्ठ्या दुसऱ्यांना काढ, आप्पांना सरळ मोठा डोस लाव, असं तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणत होता. सुलक्षणानं पुण्याला गुरूंना फोन लावला. ते म्हणाले, वडिलांना अभ्यासाबाहेर ठेवलंस तरी कुणी बोट ठेवणार नाही. म्हणजे सुटायची वाट मोकळी होती, आणि तीही रीतसर. मोठा डोस दिला असता तर कुणी ब्र काढला नसता. फक्त गिताबाईला तिचं उत्तर मिळालं असतं.

सुलक्षणा वडिलांच्या उशाशी गेली आणि तिनं सकाळी भिमाला सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द सांगितलं. नाही म्हणायचा हक्क आहे, हेही दोनदा. पुढचा उपचार दवाखान्यातला तिचा सहकारी डॉक्टर पाहणार होता, कारण लेकीचा हात बापावर कापतो हे तिला ठाऊक होतं. मारुतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"भिमाला ह्येच इचारलंस?"

"व्हय आप्पा."

"त्यो व्हय म्हनला?"

"म्हनला."

"मग मी काय त्याच्याहून भित्रा हाय? काढ."

सुलक्षणानं चळतीवरचं पाकीट उचललं आणि वळून ते गिताबाईच्या हातात दिलं. "तुम्ही फोडा," एवढंच ती म्हणाली.

गिताबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं पाकिटाच्या कडा निरखल्या, ते डकवलेलं पक्कं आहे हे नखानं चाचपलं आणि मग फाडलं. आतली चिठ्ठी तिनं मनातल्या मनात वाचली. लहान डोस. इतका वेळ आपल्याला नेमकं हेच पाहायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण समाधान काही होईना. समोर डॉक्टरीण नव्हतीच, बापाच्या खाटेचा गज धरून उभी असलेली एक लेक होती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती. 

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "ही काय बरूबर निघाली न्हाई. दुसरी काढा."

 विश्वजीतनं चिठ्ठी हिसकून वाचली आणि तोही म्हणायला लागला की काढ, बाई म्हणते आहे तर काढ. म्हाळूनंसुद्धा मान हलवली. देव परत कौल देतो, मग हिला काय झालंय?

"तुम्हाला मी काढून दिली न्हाई, गिताबाई," सुलक्षणा म्हणाली. "आता आप्पांना कशी काढू?" तिनं खाटेचा गज सोडला. "आन् कुठला डोस बरा, ते मला खरंच म्हाईत न्हाई. म्हाईत असतं तर सकाळीच भिमाला दिला असता."

तिनं सहकारी डॉक्टरला खूण केली आणि लहान डोस सुरू झाला.

गिताबाई त्या क्षणी जी वितळली ती वितळलीच. माणूस खरं बोलतो आहे हे कळायला शाळा लागत नाही, पण खरं बोलण्याची इतकी किंमत मोजणारं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं. ती आता दोन खाटांच्या मधे बसली. भिमाच्या हिरड्या संध्याकाळपर्यंत कोरड्या झाल्या आणि त्याच्या नळीतलं रक्त साकळलं. मारुतरावांना थंडी वाजून आली, ती उतरली, सूज मात्र कोपरापर्यंत चढली. दिवेलागणीला त्यांची नळी पुन्हा भरली. ती जिथं ठेवली होती तिथं सुलक्षणा आणि गिताबाई शेजारी शेजारी बसून राहिल्या. म्हाळू कोपऱ्यात डोळे मिटून बिरोबाला काहीतरी बजावत होता.

वेळ झाली, तरी सुलक्षणाचा हात पुढं होईना. हजारदा केलेलं काम, पण तिनं नुसतं गिताबाईकडं पाहिलं. गिताबाईनं पदराला हात पुसले, नळी उचलली आणि बेतानं आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. तेव्हा शिरूर तालुक्यातली ही मोठी डॉक्टरीण एका धनगराच्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून बाहेर गेली, कारण दारात आणखी एक गाडी लागली होती.

दोघं बरे झाले म्हणून सुलक्षणानं कधी लहान डोस चांगला असं म्हटलं नाही. दोन माणसांवरून काही ठरत नाही, हंगाम संपू दे, सगळ्यांचं एकत्र पाहू, असं ती भिमालाही सांगे. पाकिटं संपेपर्यंत तिनं मनातल्या मनातसुद्धा काही मत बनवलं नसावं, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी भिमाचा पाय दाखवायला गिताबाई दवाखान्यात गेली होती. बाकड्यावर एक बाई डोक्याला हात लावून बसली होती. नवऱ्याला लहान निघालाय, ती शेजारणीला सांगत होती, गरिबाला काय, उरलंसुरलं. गिताबाई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"माझ्या मालकालाबी लहानच निघाला व्हता," ती म्हणाली. "आन् त्याच दिशी ह्या डॉक्टरणीच्या बापालाबी. ती चिठ्ठी मी फोडलीया, ह्या हातानं. मीच म्हनलं, ताई, दुसरी काढा." तिनं दाराकडं पाहिलं. आत सुलक्षणा कुणाच्या तरी उशाशी उभी राहून तेच सगळं सांगत होती, नाही म्हणायचा हक्क दोनदा.

"तिनं न्हाई काढली, बाय."