मागच्या दाराचं कुलूप

आष्ट्यात मोहिद्दीन पिंजारींचा गादी कारखाना आहे. खाली कापूस, पिंजायचं मशीन आणि गाद्यांची थप्पी. वरच्या दोन खोल्यांत मोहिद्दीन, त्यांची बायको मेहरुनबी आणि धाकटी लेक नूरीन. उतरायला जिना कारखान्यातूनच. मागच्या खोलीच्या दारातून गल्लीत उतरणारा एक लोखंडी जिनाही होता, पण थोरली रुमाना त्याच दारानं एका पोराबरोबर निघून गेली आणि त्या सकाळीच दाराला कुलूप लागलं. किल्ली मोहिद्दीनच्या बंडीच्या खिशात गेली आणि रुमानाचं नाव घरातून गेलं.

एवढं होऊनही त्यांनी नूरीनला सांगलीच्या कॉलेजात फायर इंजिनिअरिंगला घातलं, हे नवलच. सकाळी स्वतः एसटीत बसवून द्यायचे, संध्याकाळी स्टँडवर हजर. गिऱ्हाईक आलं की कापसाआधी लेकीचं कौतुक.

"चाचा, पोरगी बंबावर बसून घंटी वाजवणार व्हय?" समोरच्या किराणा दुकानातला जोतिबा चिडवायचा.

"हास गड्या, हास. उद्या तुझ्या दुकानालाबी तिचीच सही लागंल."

कॉलेजात सर सांगायचे, माणसाला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. नूरीन ते लिहून घ्यायची, पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळवायची आणि घरी येऊन कापसाच्या ढिगावरच्या खोलीत झोपायची. एकदा जेवताना तिनं धीर केला.

"अब्बा, मागचं दार उघडं पायजे."

मोहिद्दीनचा घास हातातच राहिला. "कशापायी?"

"आग लागली तर..."

"मी हाय की खाली."

विषय संपला. त्या घरात तरण्या पोरीनं मागचं दार मागायचं म्हणजे काय, हे तिला त्यांच्या नजरेत दिसलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पुस्तकातलं साधं वाक्य, पण तिच्या तोंडून ते पळून जायच्या बेतासारखं ऐकू येत होतं. अम्मीचे गुडघे धरलेले. खालून धूर आला तर ती कारखान्यातला जिना भरभर उतरू शकणार नाही, हे नूरीनला पक्कं ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. दुपारी मोहिद्दीन शटर खाली ओढून नमाजला गेले. मशीन बंद करायचं राहिलं होतं, कारण तेव्हा वीज गेलेली होती. वीज आली, मशीन आपोआप फिरलं, ठिणगी उडाली आणि धूर जिन्यानं वर चढू लागला.

नूरीन मागच्या दाराकडं धावली. दोन्ही हातांनी कुलूप हिसडलं. ते कसलं हलतंय!

"किल्ली त्यांच्यापाशी हाय गं," मेहरुनबी भिंतीला धरून म्हणाल्या.

नूरीननं अम्मीला मागच्या खोलीत बसवलं, खोलीचं आतलं दार ओढून फटीत ओली चादर कोंबली, तोंडाला ओली ओढणी बांधली आणि धुराच्या खाली राहत जिना बसत बसत उतरली. मेन स्विच पाडला. शटर उचललं आणि ओरडली. जोतिबा आणि गल्लीतली माणसं बादल्या घेऊन धावली.

"विझली, विझली!" जोतिबा म्हणाला.

"न्हाई विझली. कापूस आतनं धुमसतो. गाद्या रस्त्यावर काढा आन् फाडा."

फाडल्या. वरून ओल्याचिंब, आतून लाल.

मोहिद्दीन टोपी हातात घेऊन धावत आले, तेव्हा मेहरुनबी वरून खोकत ओरडल्या, "आवं, एक गेली म्हणून दुसरीला कोंडून जाळतासा काय?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मोहिद्दीन वर गेले आणि कुलूप काढलं. हवा आत आली. नूरीनला मोठ्यानं रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

सोमवारी ती कॉलेजातून परतली तर मागचं दार सताड उघडं. उंबऱ्याला लागून आडवी खाट आणि खाटेवर नवी गादी. अम्मी सोडाच, तिलाही अंग चोरल्याशिवाय बाहेर पडता आलं नसतं.

"बघ," मोहिद्दीन खूश होते. "आता दार कायम उघडं. मी हितंच झोपणार. आग लागली की मला उठीव, लगेच खाट सारतो."

त्यांनी किती मायेनं हे सगळं केलं होतं, ते तिला दिसत होतं. म्हणूनच राग गिळवेना.

"आन् अब्बा, आग लागली न्हाई तर खाट कधी सारणार?"

मोहिद्दीननं उशी झटकली, दाराच्या बाजूला ठेवली आणि ते तिच्याकडं पाठ करून आडवे झाले.