ठिपकेवाल्या पाकटाचा शेरा

बैठकीच्या खोलीतला चहा केव्हाच निवला होता. टेबलाभोवतीच्या सात तज्ज्ञांनी सकाळपासून एकोणीस मासे हातावेगळे केले होते: कुठला सुखरूप, कुठला धोक्यात, कुठला संपत आलेला. विसाव्याला, ठिपकेवाल्या पाकटाला, गाडी अडली. या चपट्या, शेपटीवाल्या माशाची नोंद कुणी धड ठेवलीच नव्हती. दोन बंदरांवरच्या मुलाखती तेवढ्या हाताशी होत्या.

"'माहिती अपुरी' लिहा आणि पुढे चला," अध्यक्ष म्हणाले. "माशाच्या तीन पिढ्यांत, म्हणजे तीसेक वर्षांत, किती घट झाली ते दाखवायला एवढं पुरत नाही."

"माझे बाबा चाळीस वर्षं समुद्रावर होते," सातांपैकी एक, मच्छीमाराची मुलगी, म्हणाली. "फोन लावू?"

"त्यापेक्षा माशालाच लावा," कुणीतरी पुटपुटलं. पण जुन्या मच्छीमारांच्या आठवणी पुरावा म्हणून चालत. अध्यक्षांनी मान हलवली.

स्पीकरवर बाबांचा आवाज आला. "पाकट? तू शाळेत होतीस तेव्हा एका खेपेला साठ-सत्तर यायचे. तुझा दादा होडी चालवायला लागला तेव्हा दहा-बारा. आता दोन वर्षं एकही नाही."

"कुठे मिळायचे?"

"खाडीच्या तोंडाशी. माद्या पिलं घालायला यायच्या. जड झालेल्या, पळता यायचं नाही. आयत्याच सापडायच्या. सगळेच तसं करायचे, पोरी."

तिने आकडे आणि जागा टिपून घेतली. आकडे आधीच्या दोन बंदरांच्या मुलाखतींशी जुळले. घट नव्वद टक्क्यांच्या वर. शेरा पडला: अतिसंकटग्रस्त. सगळ्यांनी सह्या केल्या. तिनेही केली, आणि एकविसावी फाईल पुढे ओढली.

पाच महिन्यांनी, त्या शेऱ्यावरून, खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायला बंदी आली. दादाचं पोट त्याच पाण्यावर होतं. त्याचा फोन आला.

"तूच ना?"

"हो."

"बरं." त्याने फोन ठेवला.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. ती थोडा वेळ वाट बघत बसली, मग उठून तिने दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या.

रविवारी ती घरी गेली. जेवताना बाबा मान खाली घालून होते. दादा तिच्या समोरच बसला होता.

"तिला भात वाढा," तो बाबांना म्हणाला.

बाबांनी वाढला. ती जेवली. कशाची चव लागली नाही.