तक्रार नोंदवली आहे

साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि माझा रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. तक्रारी कोण कशा घेतो ते त्यांना आज तपासायचं होतं. शेजारच्या टेबलावर हौसेरावकाका ताठ बसले होते. आता काकांचं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तळोज्याच्या आमच्या कंपनीने गेल्या वर्षी पंप बनवणं बंद केलं. पंप आता परदेशातून खोक्यांत न्हावा शेवाला उतरतात. आम्ही ते विकायचे आणि सेवा द्यायची. यापुढे कमाई सेवेतच आहे, असं साहेब हसत सांगतात. त्यांचं काय जातं! बावीस वर्षं पंपांची चाचणी घेणाऱ्या काकांना त्यांनी तक्रारींच्या फोनवर बसवलं.

त्या बावीस वर्षांच्या घरघरीत काकांचे कान गेले होते. चालू पंपावर नुसता तळवा ठेवून ते बिघाड सांगायचे, त्यामुळे तिथे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. इथे पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "वैशाली, पोरी, सायबाला बोलू नगंस. नोकरी गेली तर नावडे गावातली कंपनीची खोलीबी जाईल."

आमचे दोन्ही फोन एकाच लाइनवर होते. तेव्हापासून त्यांच्या फोनचा दिवा लागला की मीही माझा रिसीव्हर उचलायची आणि तक्रार चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची. ती वाचून काका इतकं छान समजावायचे की गिऱ्हाईक खूश. आमची जोडी झकास जमली होती.

आजही दिवा लागला. काकांनी फोन उचलला. मी भिंतीला टेकून उभी होते. काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला यात ओढायचं नव्हतं त्यांना. ते पाठ केलेली वाक्यं बोलत राहिले. काकांच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला असायचा; पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता, चिडला आणि त्याने फोन आपटला, ते मला ऐकू आलं. साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. काकांच्या फोनमधली टूं-टूं मला भिंतीपर्यंत ऐकू येत होती.

काका बोलतच होते. मध्येच थांबून समोरच्याला बोलू देत होते, मान डोलावत होते.

"बरोबर आहे तुमचं. माणूस आजच पाठवतो."

मला रडू आवरेना. साहेबही खाली मान घालून बसले होते.

काकांनी वहीत वेळ लिहिली, आभार मानले. गिऱ्हाइकाने आधी फोन ठेवायचा असतो, असं शिकवलं होतं आम्हाला. काका तेवढा वेळ थांबले आणि मग त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला.