शेवटच्या प्रकरणातली स्वयंपाकीण

पुनावळ्यातल्या बायका दुपारी सुमनताईंच्या ओट्यावर शेंगा फोडायला जमत, त्या शेंगांसाठी कमी आणि कादंबरीसाठी जास्त. ताईंचे यजमान देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकून. चिंचवडच्या वाचनालयातून त्यांनीच ती जुनी, गाजलेली रहस्यकथा आणली होती. एका गावच्या पाटलाचा खून होतो आणि तपासाला शहरातून हुशार फौजदार येतो. ताई रोज एक प्रकरण वाचत. खुनी कोण, यावरून पाणवठ्यावरसुद्धा भांडणं जुंपत.

त्यातच ओट्यावर येणाऱ्या अंबुबाईंची नथ गेली. त्या दिवशी त्यांच्या घरी बाहेरचं असं फक्त तानाबाई येऊन गेली होती, पोटुशी सून शकूला बघायला. तानाबाई सुईण, विधवा, दहा वर्षांमागं घाटाखालून आलेली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ती ओट्यावर आली की बायका जरा सरकून बसू लागल्या.

बुधवारी सकाळी ताईंना राहवलं नाही. चुलीपुढंच त्यांनी शेवटचं प्रकरण वाचून काढलं आणि तव्यावरची भाकरी करपली. खुनी कोण, तर पाटलाकडची परगावची विधवा स्वयंपाकीण! का? फौजदाराला तिची नजर बरी वाटली नाही म्हणून. ज्या रक्ताळलेल्या पंच्याचा पुस्तकभर गवगवा केला, तो तर लेखक विसरूनच गेला होता.

महिनाभर जीव टांगणीला लावून हे? ताईंना संताप आला. मग तानाबाई आठवली. दुपारी हेच तिच्यासमोर वाचायचं होतं. शेवट बदलून सांगावा? पण शकू चार बुकं शिकलेली, पुस्तक हातात घेऊन बघणारच. तापाचं निमित्त करावं? ते तरी किती दिवस?

दुपारी त्यांनी वाचलं, होतं तसंच. स्वयंपाकिणीचं नाव आलं तशा सगळ्या माना तानाबाईकडं वळल्या.

"मला वाटलंच हुतं," अंबुबाई म्हणाल्या. "भायेरचं मानूस."

ताईंनी पुस्तक मिटलं. "कशावरून वाटलं? तिनं खून केला असं दाखवणारी एक ओळ सांगा मला यातली."

"आता फौजदारच म्हंतोय म्हंजे..."

"तो म्हणतोय, कारण लिहिणाऱ्याला कंटाळा आला. इतका भिकार शेवट मी उभ्या जन्मात वाचला नाही."

शेंगा फोडणारे हात थांबले. तानाबाई उठून उभी राहिली.

"अंबुबाई, तुमची नथ मी न्हाई घेतली. इतके दीस कुनी इचारलंच न्हाई, म्हून सांगता बी आलं न्हाई."

अंबुबाई आपली शेंगांची पाटी उचलून घराकडं चालू लागल्या.

तीन दिवस ओट्यावर कुणी फिरकलं नाही. आपण होतं तेही बिघडवलं, या धास्तीनं ताईंना अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी दुपारी शकूच्या कळा सुरू झाल्या. अंबुबाई स्वतः तानाबाईच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "चल बाई."

नथेचा विषय दोघींनीही काढला नाही. ती पुढं कधी सापडलीही नाही.

ताई मात्र आपल्या उंबऱ्यात ताटकळत राहिल्या. शेजारी अंबुबाईंच्या घरात काही वाईटवंगाळ झालं तर दोष कुणावर जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं त्या खाली बसल्या.