मंगलाच्या नावाची खाट

चिंधू खाणीत परमनंट झाला, त्याच साली शेजारच्या विमलाचं पोट दुखायला लागलं. विमलाचा नवरा डोमा त्याच खाणीत मँगनीज फोडायचा, पण तो ठेकेदाराचा माणूस. त्यामुळे चिंधूच्या बायकोला, मंगलाबाईला, खाणीचा दवाखाना फुकट होता आणि विमलाला नव्हता. तुमसरच्या खाजगी डॉक्टरनं अपेंडिक्स सांगितलं. ऑपरेशनचा आकडा ऐकून डोमा तिला तसाच एसटीनं परत घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याचं हेच ऑपरेशन मागच्या वर्षी तिथंच निम्म्या पैशात झालं होतं. भंडाऱ्याला सरकारीत नेऊ म्हणेपर्यंत विमला गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला लागली.

मंगलाबाईच म्हणाली, "माह्या नावानं घेऊन जा तिले. मी अजून दवाखान्याची पायरी बी नाही चढली. कोण ओळखते मले?"

चिंधूनं उठून दार लोटून घेतलं. "सापडलो तर नोकरी जाईल माही."

"अन् ती गेली तर?"

खाणीच्या दवाखान्यात मंगलाच्या नावानं ऑपरेशन झालं, विमला वाचली. पण मंगलाबाईच्या जिवाला घोर लागला. दारापुढं कोणाची सायकल थांबली की तिला वाटायचं, ऑफिसातून माणूस आला. विहिरीवर बायका विचारत, "विमला कोठी गेली वो?" ती म्हणायची, "करडीले, माहेरी," आणि अर्धवट भरलेली बादलीच उचलायची.

अशाच घाईत एका सकाळी विहिरीच्या शेवाळावर तिचा पाय घसरला. ती हातावर पडली. मनगट सुजून आलं. तरी डोमा खाणीत पाळीवर होता म्हणून विमलाचा डबा दवाखान्यात तिनंच नेला, दुखरा हात पदराखाली झाकून.

"मंगला, तुझी बहीण आली बघ," सिस्टर खाटेकडं पाहून म्हणाली. मंगलाबाई ओ देता देता थांबली. तेवढ्यात डबा ठेवताना पदर सरकला.

"हे काय? हाड मोडलंय हे. नाव काय तुमचं?"

मंगलाबाईनं पदर पुन्हा हातावर ओढला. "विमला."

"मालक कुठं कामाला?"

"ठेकेदाराकडं."

सिस्टरचा चेहरा पडला. "मग इथं प्लास्टर नाही घालता येत, बाई. तुमसरला जा. आजच जा."

विमला खाटेवर उठून बसली. "सिस्टर, आयका जरा, हे बाई..."

"पडून राय," मंगलाबाईनं तिला धड हातानं खाली दाबलं. "टाके तुटतील." विमला भिंतीकडं तोंड करून रडत राहिली. सिस्टरला वाटलं, बहिणीच्या हातासाठी रडते.

तुमसरला जायचं तर चिंधूला सुट्टी हवी होती. पण सुट्टी कोणासाठी म्हणून सांगणार? त्याची बायको तर दवाखान्यात भरती होती. शेवटी गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हात जुळला, पण वाकडा. विमला घरी आली, बरी झाली आणि कोणी न सांगता दोन्ही घरचं पाणी भरू लागली. मंगलाबाईला ते पाहवत नसे, आणि नको म्हणायला हातात जोरही नव्हता.

पावसाळ्यात मंगलाबाईच्या पोरीला ताप आला. चिंधू तिला दवाखान्यात दाखवून आला, तो उंबऱ्यावरच बसला.

"सिस्टर पुसत होती, पोरीची माय काहून नाही आली? बुधवारी तिले घेऊन या म्हणे. ऑपरेशनच्या टाक्याची जागा पाहाची हाये."

"मग तू काय म्हणला?"

"हो म्हणलो. काय म्हणणार?"

"विमलाले पाठवू?"

"पोरगी तिले मावशी म्हणते. सिस्टरपुढं म्हणली तर?"

बुधवारी कोणीच गेलं नाही. पोरीचा ताप घरीच उतरला, पण उतरेपर्यंत मंगलाबाई तिच्या उशाशी बसून दाराकडं पाहत होती. दवाखान्याचं पांढरं छप्पर तिथून दिसायचं. ताप उतरायच्या आधीच पोरीची गोळ्यांची पुडी संपली, तरी तिनं चिंधूला दुसरी आणायला तिकडं पाठवलं नाही.