साबणाच्या खोक्यातली चिमणी

अप्पा, माझे वडील, गणपतीत वारले. ते चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पुठ्ठे कापत. चादरीवर मोर हवा असेल तर त्या नक्षीच्या भोकांचे पुठ्ठे मागावर चढतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो. भोकातून वीजही जाऊ शकेल, असं एकदा त्यांच्या डोक्यात आलं, आणि त्यांनी संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी खेळ करायला घेतला.

साबणाचं रिकामं खोकं. समोर आठ खिडक्या, प्रत्येकीत कातरलेली कागदी चिमणी, तिच्यामागे बॅटरीचा बल्ब. शेवटच्या खिडकीवर घरटं. हँडल फिरवलं की पुठ्ठ्यांची माळ पितळी रुळावरून सरकणार, भोकातून तार रुळाला टेकणार, बल्ब एकामागून एक लागणार आणि चिमणी घरट्याकडे उडणार. ती घरट्यात असतानाच बटण दाबलं तर घंटी. पुठ्ठे कापून झाले होते. ओवायचे राहिले, तारा जोडायच्या राहिल्या.

पौषात वीरभद्रप्पा आले. गड्ड्यावर त्यांचं खेळण्यांचं दुकान लागतं. त्यातलं एक टेबल त्यांनी अप्पांना देऊ केलं होतं.

“माले, टेबलासाठी फुगेवाला मागं लागलाय. काय सांगू त्याला?”

“आम्ही येणार, काका.”

“कुटं येणार?” आई, म्हणजे आमची अव्वा, चुलीपासून म्हणाली. “वर्ष झालं न्हाय अजून. घरात सण न्हाय आन् हिला जत्रा पायजे!”

“सण नाही, अव्वा. अप्पांचं राहिलेलं काम आहे.”

“लई पुस्तकं वाचली की असं बोलाया येतं.”

वीरभद्रप्पांनी हसू दाबलं. “भोगीच्या दुपारी येतो. खेळ चालू असला तर टेबल तुमचं.”

शाळेतून शिकवून आले की मी खोक्यापाशी बसे. कथिलाचा डाक द्यायला शिकताना दोन बोटं पोळली. पहिल्यांदा आठही चिमण्या एकदम पेटल्या, कारण तारा एकमेकींना चिकटत होत्या. प्रत्येक तारेवर सायकलची व्हॉल्व्हट्यूब चढवली, तेव्हा थांबलं. मग पुठ्ठे ओवायला घेतले. माझी माळ सैल पडे. अव्वा दोन दिवस नुसती बघत होती. तिनं बरीच वर्षं घरी बसून कारखान्याचे पुठ्ठे ओवले होते.

“आण हिकडं,” ती शेवटी म्हणाली. “असं ओवून माग चालतो व्हय?”

भोगीला दुपारी वीरभद्रप्पा येऊन बसले. मी हँडल फिरवलं. चिमणी घरट्यातून निघाली आणि शेपटीकडून मागं मागं उडत पहिल्या खिडकीत गेली.

“बाजार करून परत निघाली वाटतं,” वीरभद्रप्पा म्हणाले.

अव्वानं कपाळावर हात मारला. कारखान्यात चादर पालथी विणत, म्हणून पुठ्ठेही पालथे ओवायचे. तिच्या हातांनी तेच केलं होतं. हँडल उलटं फिरवून पाहिलं, तर तारा भोकांत अडकून वाकल्या. माळ उलटवली तर गाठी तारांखाली आल्या.

“राहू दे, निंगव्वा,” वीरभद्रप्पा उठले. “पुढच्या वर्षी बघू.”

“बसा खाली. च्या घ्या.” अव्वानं कात्री घेतली आणि पहिली गाठ स्वतःच कापली. “माले, तू त्या टोकानं. दोरा वडून धर.”

आम्ही दोघी दोन टोकांनी ओवत मधोमध आलो. तोवर वीरभद्रप्पांचा चहा दोनदा झाला होता. वाकलेल्या तारा मी सरळ केल्या. या वेळी हँडल मी धरलं, बटण अव्वाला दिलं.

चिमणी निघाली. पाचव्या खिडकीपर्यंत गेली आणि विझली. अव्वानं घाईनं बटण दाबलं. घंटी नाही. मग चिमणी सहाव्या खिडकीत दिसली.

“मधी कोरे पुठ्ठे घातल्यात ह्यांनी!” अव्वा म्हणाली. “मी ओवताना म्हणतच हुते, हे बिनभोकाचे कशाला. फसवायला व्हय!”

ती त्यांच्याविषयी असं भांडल्यासारखं बोलली, ते गणपतीनंतर पहिल्यांदाच. मी हँडल फिरवत राहिले. पुढच्या फेरीलाही ती चुकली. तिसऱ्या फेरीला तिनं पदर खोचला, श्वास धरला, आणि घंटी वाजली.

वीरभद्रप्पांनी बटणाकडे हात नेला. अव्वानं तो बाजूला सारला.

“हितं न्हाय. तितं टेबलावर. रांगेत हुबं राहून.”

आणि तिनं खोकं उचलून कमरेवर घेतलं.