दूधभाऊ

सन २०२४, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. स्थळ दोहा, मदिनत खलीफा, दिवंगत जासिम यांच्या बंगल्यातील पुरुषांची बैठक. शोकाचा दुसरा दिवस, दुपारच्या नमाजानंतरची वेळ.

रिवाज असा, की मृताचे आप्त दाराशी ओळीने उभे राहतात आणि येणारा प्रत्येकजण ओळीतल्या प्रत्येकाचा हात हाती घेऊन सांत्वन करतो. रास लफानच्या वायुप्रकल्पात इंजिनिअर असलेल्या गिरीशने जासिमचा मुलगा उमैर, चुलते, पुतणे, सर्वांचे हात घेतले. परंतु ज्याच्यासाठी तो आला होता, तो मुबारक ओळीत नव्हता. तो कोपऱ्यात पितळी दल्ल्यातून, लांब चोचीच्या अरबी किटलीतून, पाहुण्यांना कॉफी ओतत होता.

मुबारक पंचाहत्तरीला टेकलेला, रास लफानच्या गोदामाचा निवृत्त प्रमुख. त्याचे आणि जासिमचे आडनाव एकच. गिरीशच्या नाशिककडे एक आडनाव म्हणजे भावकी, शिवाय मुबारक नेहमी म्हणे, "जासिम माझा भाऊ. माझ्या आईनं दोघांना पाजलं." ते खरेच होते. न सांगितलेले इतकेच, की ती आई त्या घराची गुलाम होती. १९५२ साली गुलामी उठली आणि मायलेकरांना धन्याचे नाव मिळाले.

"मुबारकसाहेब, तुमचा भाऊ गेला," गिरीश म्हणाला. "तुम्ही ओळीत का नाही?"

"मग इंजिनिअरसाहेबांना कॉफी कोण देणार? तुमचा चहा बरा, कोणीही ओततो."

"थट्टा नको. तुमचं सांत्वन कुणी केलं की नाही?"

"नाही रे. तूच पहिला."

त्याने दल्ला खाली ठेवला, डोक्यावरचे वस्त्र नीट केले आणि ओळीच्या शेवटी, सर्वांत लहान पुतण्याच्या शेजारी तो जाऊन उभा राहिला.

उमैर लगबगीने आला. त्याने मुबारकच्या खांद्याचे चुंबन घेतले. त्याची अरबी गिरीशला कळत होती.

"काका, दमलात? आत बसा."

"दमलो नाही. जासिमसाठी उभा आहे."

"आजोबांनी तुम्हाला घर दिलं, नाव दिलं. आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं?"

"नाही मानलंत. म्हणूनच उभा आहे."

उमैरच्या स्वरात उर्मटपणा नव्हता, आणि दुःसह होते ते हेच. द्वेषाचा प्रतिवाद करता येतो. स्वतःच्या औदार्यावर ज्याची अढळ श्रद्धा आहे, त्याच्याशी वाद घालावा कसा?

तेवढ्यात एक वयस्क पाहुणे आले. ओळीतले सगळे हात घेत ते लहान पुतण्यापर्यंत पोचले. पुढे मुबारकचा हात होता. त्या हाताकडे पाहून ते प्रसन्नपणे म्हणाले, "अरे मुबारक! कॉफी आण बाबा."

हात तसाच राहिला. मुबारकने ओळीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या जासिमच्या धाकट्या भावाकडे पाहिले.

"सईद, आपण तिघं एका अंगणात वाढलो. आज मला कुणी धीर देऊ नये का? तूच सांग."

सईदचे डोळे भरले होते. तरीही त्याने क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"दूध खरं, नावही खरं," तो म्हणाला. "पण मुबारक या ओळीत उभा राहणार नाही."